रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड यांचे वाण कसे ओळखावेत

रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड ही नावे ऐकली की दोन वेगळ्या जातींचे मासे असावेत असे वाटते, पण दोन्ही ऑन्कोरिंकस मायकिस या एकाच जातीचे आहेत. वाल्बाउम यांनी १७९२ मध्ये कामचाटका द्वीपकल्पातील माशावरून या जातीला मायकिस हे नाव दिले. उत्तर अमेरिकेतील अभ्यासक मात्र दीर्घकाळ याच माशाला साल्मो गेर्डनेरी म्हणत आले आणि तो पॅसिफिक साल्मनच्या कुळाला जवळचा असल्याचे मान्य झाल्यावर १९८९ मध्ये त्याचे आजचे नाव रूढ झाले. नदीत किंवा तळ्यातच आयुष्य काढणाऱ्या माशाला रेनबो म्हणतात. नदीत जन्मून समुद्रात वाढणारा आणि विणीसाठी पुन्हा नदीत परतणारा मासा स्टीलहेड ठरतो. एकाच नदीत, कित्येकदा एकाच आईबापांच्या पिलांमध्ये, हे दोन्ही प्रकार निघतात.

त्यामुळे हातातला मासा पाहण्याआधी आपल्याला नेमके काय ओळखायचे आहे हे ठरवावे लागते. येथे तीन वेगळे प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळतात. मासा समुद्रात किंवा मोठ्या सरोवरात जाऊन आला आहे का, हा जीवनक्रमाचा प्रश्न आहे. तो किनारपट्टीचा रेनबो आहे, की कोलंबिया खोऱ्यातला रेडबँड, की कॅलिफोर्नियाचा गोल्डन, हा उपजातीचा प्रश्न आहे. तो स्कमेनिया, चेंबर्स क्रीक, गॅनारास्का किंवा ईगल लेक यांपैकी कुठल्या साठ्यातून आला, हा वाणाचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात किंवा एखाद्या नदीत घडलेल्या वंशाचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाला खवले उत्तर देतात, दुसऱ्याला बऱ्याच अंशी ठिकाण आणि काही प्रमाणात शरीर, तर तिसऱ्याला कापलेले पर, तारीख आणि शेवटी डीएनए. नुसत्या चेहऱ्यावरून वाण सांगता येतो असे म्हणणाऱ्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

पहिली पायरी: जात नक्की करा

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण घाईत केलेल्या नोंदींतील बऱ्याच चुका येथेच होतात. शेपटीजवळच्या गुदपरातील किरण, म्हणजे पराला आधार देणाऱ्या बारीक काड्या, मोजा. रेनबोमध्ये ते साधारण ८ ते १२ असतात, तर चिनूक आणि कोहो या साल्मनमध्ये बहुधा १३ किंवा अधिक असतात. तोंड उघडून पाहा: रेनबोच्या हिरड्या आणि तोंडाचा आतला भाग पांढरट असतो, चिनूकच्या खालच्या हिरड्या काळ्या असतात. शेपटीच्या परावर काळे ठिपके किरणांच्या ओळींतून पसरलेले दिसले तर तो ब्राउन ट्राउट नाही, कारण ब्राउनच्या शेपटीवर ठिपके नसतात किंवा अगदी मोजके असतात. खालच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना लालसर पट्टा असेल तर कटथ्रोट या दुसऱ्या ट्राउटचा विचार करावा. जिभेच्या मागे, घशाच्या तळाशी बारीक दात बोटाला लागले तर कटथ्रोटचा संशय अधिक पक्का होतो. मात्र आतल्या प्रदेशांतील काही रेडबँडमध्येही जबड्याखाली फिकट लाल रेघ दिसते, शिवाय कटथ्रोट आणि रेनबो यांचा संकरही सहज होतो, म्हणून केवळ त्या रेघेवर निर्णय देऊ नये.

दुसरी पायरी: ठिकाण आणि तारीख

मासा कुठे आणि कधी मिळाला ही माहिती त्याच्या अंगावरील कोणत्याही खुणेपेक्षा अधिक बोलते, म्हणून ती आधी लिहून ठेवावी. नदीचे नाव, समुद्रापासून किंवा सरोवरापासून अंदाजे अंतर, मधे धरण किंवा मोठा धबधबा आहे का, आणि तारीख, एवढे पुरते. मासा चढू शकणार नाही अशा अडथळ्याच्या वर मिळालेला मासा स्टीलहेड असण्याची शक्यता जवळजवळ संपते. तरी अडथळ्यावरच्या रेनबोंमध्ये समुद्राकडे जाण्याची क्षमता सुप्त राहू शकते. वॉशिंग्टन राज्यातील एल्वा नदीवरची दोन्ही धरणे २०११ ते २०१४ या काळात काढण्यात आली. त्यानंतर जी उन्हाळी स्टीलहेड तेथे पुन्हा दिसू लागली, तिच्यामागे शतकभर धरणांच्या वर अडकून राहिलेल्या रेनबोंचा वंश असल्याचे आनुवंशिक अभ्यासांतून दिसले आहे.

समुद्राशी जोडलेल्या नद्यांमध्ये तारखेवरून स्टीलहेडचे दोन मोठे गट पडतात. उन्हाळी स्टीलहेड साधारण मे ते ऑक्टोबरदरम्यान नदीत शिरते. तेव्हा तिची जननेंद्रिये पक्व नसतात, ती कित्येक महिने नदीतच काढते आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला वीण करते. हिवाळी स्टीलहेड नोव्हेंबर ते एप्रिलदरम्यान जवळजवळ पक्व होऊनच येते आणि लवकर वीण उरकते. म्हणून ऑगस्टमध्ये मिळालेली, अंडी अजून बारीक असलेली चंदेरी मादी उन्हाळी गटातली, तर फेब्रुवारीत मिळालेली, भरल्या पोटाची मादी यांपैकी कोणत्याही गटातली असू शकते. येथे तारखेबरोबर शरीराचा रंग आणि अंड्यांची वाढही पाहावी लागते. नदीत येण्याच्या वेळेतील या फरकाशी माशाच्या २८व्या गुणसूत्रावरील जीआरईबी१एल या जनुकाभोवतीचा भाग निगडित असल्याचे २०१७ मधील संशोधनात दिसून आले. दोन गट केवळ सवयीने नव्हे, तर वंशानेही वेगळे आहेत, याला त्यामुळे आधार मिळाला.

काही खोऱ्यांमध्ये याहून बारीक विभागणी करतात. कोलंबिया नदीच्या वरच्या भागात जाणाऱ्या उन्हाळी स्टीलहेडचे ए-रन आणि बी-रन असे दोन भाग मानतात: ए-रनमधील बहुतेक मासे समुद्रात एक वर्ष काढून येतात, तर बी-रनमधील मोठे मासे दोन वर्षे काढतात, बॉनविल धरण उशिरा ओलांडतात आणि आयडाहोतील क्लिअरवॉटर व सॅमन या नद्यांच्या खोऱ्यांकडे जातात. मोजणीच्या सोयीसाठी ७८ सेंटिमीटर ही लांबीची सीमा वापरतात, पण ती सीमा माणसाने आखलेली आहे. दक्षिण ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियातील रोग, क्लामथ, ईल या नद्यांमध्ये हाफ-पाउंडर नावाचा एक चमत्कारिक प्रकार आहे: समुद्रात काही महिनेच काढून हे लहान, अपक्व मासे नदीत परततात, हिवाळा काढतात आणि पुन्हा समुद्रात जातात. पहिल्यांदा पाहणारा त्यांना हमखास नदीतला साधा रेनबो समजतो.

तिसरी पायरी: पर तपासा

पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्या मधे एक छोटा, किरण नसलेला, मांसल पर असतो. त्याला मेदपर म्हणू. वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि आयडाहो येथील मत्स्यबीज केंद्रांतून सोडल्या जाणाऱ्या बहुसंख्य स्टीलहेडचा मेदपर लहानपणीच कापतात, म्हणजे नैसर्गिक मासा आणि केंद्रातला मासा पाहताक्षणी वेगळे करता येतात. नीट कापलेला मेदपर बहुधा पुन्हा उगवत नाही आणि त्या जागी गुळगुळीत, बरी झालेली जखम राहते. जखम ताजी, कच्ची वाटली तर तो पर कुणीतरी नुकताच तोडला असल्याची शक्यता धरावी. उलट, मेदपर शाबूत आहे म्हणून मासा नैसर्गिकच आहे असे म्हणता येत नाही, कारण सर्व केंद्रे सर्व पिलांचे पर कापत नाहीत.

इतर पर कापण्याचा हेतू वाण किंवा सोडल्याचे वर्ष कळावे हा असतो. पोटाखालचा डावा किंवा उजवा पर, छातीजवळचा पर, वरच्या जबड्याचे हाड यांच्या वेगवेगळ्या जोड्यांमधून सांकेतिक भाषा तयार होते. ही भाषा सर्वत्र सारखी नाही. एका राज्यात एका वर्षी डावा पोटपर ज्या वाणासाठी वापरला, तोच दुसऱ्या राज्यात किंवा पुढच्या वर्षी दुसऱ्याच वाणासाठी वापरला असू शकतो, म्हणून त्या पाण्यासाठी त्या खात्याने प्रसिद्ध केलेला तक्ता हाती घेतल्याशिवाय पर वाचू नयेत. अर्धवट कापलेला पर पुन्हा वाढतो, पण त्याचे किरण वाकडे, गुंतलेले किंवा आखूड राहतात; दुसऱ्या बाजूच्या पराशी ताडून पाहिले की ते लगेच कळते. पाठीवरच्या पराच्या कडा झिजलेल्या आणि किरण नागमोडी असतील, तर मासा अरुंद हौदात दाटीने वाढल्याची ती खूण असते. मेदपर शाबूत असलेल्या केंद्रातल्या माशाला मी या खुणेवरूनच सर्वांत आधी संशयाने पाहतो.

चौथी पायरी: शरीर पाहा, पण त्याला जास्त बोलू देऊ नका

चंदेरी रंगाला लोक समुद्राचा पुरावा मानतात, तो तसा नाही. खवल्यांवर ग्वानिन या चकचकीत द्रव्याचा थर जमला की मासा चंदेरी दिसतो, आणि हे समुद्राकडे निघालेल्या पिलांमध्ये जसे होते तसेच खुल्या मोठ्या सरोवरात राहणाऱ्या रेनबोमध्येही होते. उलट समुद्रातून आलेली स्टीलहेड नदीत काही महिने राहिली की गालांवर व बगलेवर गुलाबी-लाल पट्टा येऊन नदीतल्या रेनबोसारखीच दिसते. आकारही फसवतो. गळाने पकडलेल्या सर्वांत मोठ्या रेनबोचा विक्रम २००९ मध्ये कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातल्या डिफेनबेकर जलाशयात झाला, २१.७७ किलोचा तो मासा समुद्रातून आला नव्हता, तर मत्स्यशेतीतून निसटलेल्या त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या, वांझ माशांपैकी होता.

जीवशास्त्राचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न येथे वेगळे ठेवावेत. कॅलिफोर्नियात समुद्राला जोडलेल्या पाण्यात १६ इंचांपेक्षा मोठा रेनबो मिळाला तर नियमाच्या दृष्टीने तो स्टीलहेड. वॉशिंग्टनमध्ये ही सीमा २० इंच आहे. अशा ठिकाणी मासा ठेवायचा की सोडायचा हे पट्टी ठरवते, खवले नव्हे.

शरीर खरोखर कामी येते ते उपजातींसाठी, तेही मूळ नद्यांमध्ये. किनारपट्टीच्या रेनबोच्या बाजूला खवल्यांच्या ओळी साधारण १२० ते १४० असतात, आतल्या प्रदेशांतील रेडबँडमध्ये त्याहून अधिक, आणि कॅलिफोर्नियातील कर्न नदीच्या वरच्या भागातील गोल्डन ट्राउटमध्ये १५० ते २००च्या आसपास, इतके बारीक खवले असतात. रेडबँडमध्ये पिलांच्या अंगावरचे लंबगोल काळसर डाग मोठेपणीही टिकतात, ठिपके मोठे असतात, अंगावर पिवळट-नारिंगी झाक असते आणि पाठीवरच्या, पोटाखालच्या व गुदपरांची टोके पांढरट असतात. खवले मोजण्यासाठी भिंग आणि धीर दोन्ही लागतात, आणि तो मासा जिवंत सोडायचा असेल तर पाण्याबाहेर हे करू नये. कडेने घेतलेले स्पष्ट छायाचित्र नंतर मोजता येते. मॅक्लाउड नदीवर १८७९ मध्ये उभारलेल्या केंद्रातून आणि कॅलिफोर्नियातील इतर प्रवाहांतून रेनबोची अंडी जगभर गेली आणि पुढे दशकानुदशके मिसळत राहिली. परक्या पाण्यातल्या रेनबोला उपजात लावणे त्यामुळे बहुधा निरर्थक ठरते.

एक नावाचा घोटाळाही येथेच मिटवून टाकू. संपूर्ण पिवळा-केशरी, जवळजवळ ठिपके नसलेला जो मासा पूर्व अमेरिकेतील ओढ्यांत दिसतो तो गोल्डन ट्राउट नाही. वेस्ट व्हर्जिनियातील केंद्रात १९५०च्या दशकात मिळालेल्या एका वेगळ्या रंगाच्या पिलापासून वाढवलेला, १९६३ पासून सोडला जाणारा तो रेनबोचा वाण आहे; पॅलोमिनो हे नावही याच रंगाच्या वंशाशी जोडलेले आहे.

पाचवी पायरी: केंद्रातील वाण, ग्रेट लेक्सच्या उदाहरणाने

वाणांचा गुंता ग्रेट लेक्स या उत्तर अमेरिकेतील महासरोवरांपैकी मिशिगन सरोवरात सर्वांत जास्त दिसतो, कारण येथे समुद्र नाही, स्टीलहेड मूळची नाही, आणि अनेक राज्यांनी वेगवेगळे वंश आणून सोडले. इंडियाना राज्याने १९७०च्या दशकात स्कमेनिया आणली. हा उन्हाळी वाण वॉशिंग्टनमधील वॉशूगल नदीवरच्या केंद्रात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉशूगल आणि क्लिकिटॅट या नद्यांच्या उन्हाळी स्टीलहेडपासून घडवला गेला. सरोवराच्या उपनद्यांमध्ये तो जून ते सप्टेंबर या उष्ण दिवसांत शिरतो. अंगाने तो लांबट आणि सडपातळ असतो; त्याच लांबीच्या हिवाळी माशाच्या शेजारी ठेवला तर हा फरक जाणवतो, एकटा पाहिला तर नाही.

चेंबर्स क्रीक हा वाण वॉशिंग्टनमधील टकोमाजवळच्या ओढ्यावरचा. केंद्रातली पिले एका वर्षात समुद्राकडे जाण्याइतकी वाढावीत यासाठी लवकर वीण करणारे मासे पिढ्यान्‌पिढ्या निवडत नेल्यामुळे त्याची वीण इतर हिवाळी माशांच्या आधी होते. गॅनारास्का हा ओंटारिओ सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावरील त्याच नावाच्या नदीत रुळलेला वंश आहे आणि तो वसंतात, उशिरा वीण करतो. विस्कॉन्सिन राज्याने हे तिन्ही वाण वापरले आहेत. मिशिगन राज्य मात्र अंडी मुख्यतः लिटल मॅनिस्टी नदीवरच्या बांधावर घेते. तेथील मासे एकोणिसाव्या शतकापासून रुळत गेलेल्या हिवाळी स्टीलहेडचे वंशज आहेत.

आता समजा, मार्चच्या शेवटी विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यावरील नदीत एक मादी मिळाली. अंडी घालून झालेली, पोट ढिले, शेपटीची खालची कड खडीत घासून झिजलेली असेल तर चेंबर्स क्रीककडे कल जातो, आणि अंडी अजून घट्ट असतील तर गॅनारास्काकडे. नंतर पर पाहा. तक्त्यातला त्या वर्षांचा संकेत आणि माशाच्या लांबीवरून येणारे वय जुळले तर वाण लिहायला हरकत नाही. दोन पुरावे एकमेकांच्या विरुद्ध गेले तर पराच्या संकेताला तारखेपेक्षा अधिक वजन द्यावे, कारण एखाद्या वर्षी पाऊस किंवा पाण्याचे तापमान वेळापत्रक काही आठवड्यांनी सरकवते, पण कापलेला पर सरकत नाही. पर कापलेलाच नसेल तर मासा त्या नदीत किंवा शेजारच्या राज्यातील नदीत नैसर्गिकपणे जन्मलेला असू शकतो, आणि मग वाणाचे नाव लिहू नये.

सुपीरियर सरोवराच्या मिनेसोटा किनाऱ्यावर कॅमलूप्स नावाचा वाण अनेक वर्षे सोडला जात असे. त्याचा मेदपर कापलेला असे, आणि तो ठेवता येत असे. मेदपर शाबूत असलेली स्टीलहेड सोडून द्यावी लागे. ठेंगणा, भरदार बांधा ही त्याची ओळख सांगितली जाई, पण प्रत्यक्षात गळ टाकणाऱ्या माणसाचा निर्णय परावरच होई. हा वाण नैसर्गिक स्टीलहेडशी संकर करतो असे डीएनए अभ्यासांत दिसल्यावर त्याचे सोडणे थांबवण्यात आले. म्हणून तिथल्या भरदार बांध्याच्या, पण मेदपर शाबूत असलेल्या माशाला कॅमलूप्स म्हणण्याआधी संकराची शक्यता लक्षात घ्यावी.

पश्चिमेकडील तळ्यांमधले वाण दिसण्यापेक्षा स्वभावाने वेगळे असतात. ईगल लेक वाण कॅलिफोर्नियातील त्याच नावाच्या अतिक्षारीय सरोवरातला, उशिरा पक्व होणारा आणि दीर्घायुषी. क्षारीय पाण्यासाठी तो मुद्दाम निवडतात. ब्रिटिश कोलंबियातील कूटेनी सरोवराचा जेरार्ड वाण कोकानी साल्मन खाऊन प्रचंड वाढतो. हॉफर हा जर्मनीतील मत्स्यशेतीतून आलेला वाण भोवंड रोगाला, म्हणजे मासा गोल गोल फिरू लागतो त्या परजीवी रोगाला, प्रतिकार करतो, म्हणून कोलोरॅडोत त्याचे संकर सोडतात. हे तिन्ही वाण एका बादलीत ठेवले तर डोळ्यांनी वेगळे करता येणार नाहीत; सोडल्याच्या नोंदी हाच तेथे उपाय.

सहावी पायरी: खवले वाचा

जीवनक्रमाचा प्रश्न सोडवायचे सर्वांत स्वस्त आणि विश्वासार्ह साधन म्हणजे खवले. पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाखाली, बाजूच्या रेषेच्या थोडे वर, गुदपराच्या सुरुवातीच्या दिशेने जी जागा येते तेथून बोथट सुरीने चार-पाच खवले हलकेच खरवडून घ्यावेत आणि कागदी पाकिटात वाळवावेत. पाकिटावर तारीख, ठिकाण, लांबी, लिंग आणि परांची स्थिती लिहावी. दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून सुमारे ४० पट मोठे करून पाहिले की मध्याभोवती कड्या दिसतात. गोड्या पाण्यातील वाढीच्या कड्या अरुंद आणि जवळजवळ असतात. समुद्रात गेल्यावर त्या एकदम रुंद आणि दूर दूर होतात. हिवाळ्यात वाढ मंदावल्याने कड्या दाटतात, त्या दाट पट्ट्यांवरून वर्षे मोजतात.

नोंद दशांशासारखी लिहितात. २.१ म्हणजे नदीत दोन हिवाळे आणि समुद्रात एक. नैसर्गिक स्टीलहेडची पिले बहुधा दोन किंवा तीन वर्षे नदीत काढतात, केंद्रातली एकाच वर्षात सोडली जातात. त्यामुळे मेदपर शाबूत असलेल्या माशाचा आकडा १ ने सुरू झाला तर केंद्रातील जन्माचा संशय घ्यावा. कडेजवळ खवला झिजून पुन्हा वाढलेला दिसला तर मासा एकदा वीण करून आला आहे. मध्यभाग कोरा, कड्या नसलेला असेल तर तो पडून पुन्हा आलेला खवला आहे, आणि तो बाजूला टाकावा. म्हणूनच एकाऐवजी पाच खवले घ्यायचे. ग्रेट लेक्समध्ये सरोवरातील वाढही रुंद कड्यांनी दिसते, पण सीमा समुद्राइतकी तीक्ष्ण नसते.

प्रयोगशाळेचे काम

काही प्रश्न घरच्या भिंगाने सुटत नाहीत. नाकाजवळच्या कूर्चेत बसवलेली, सुमारे १.१ मिलिमीटर लांबीची सांकेतिक तार यंत्राला सापडली तर माशाचे केंद्र आणि वर्ष थेट कळते. म्हणून अशा पाण्यात डोके जपून ठेवायला सांगतात. कानातल्या दगडाच्या अगदी मध्यात स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांचे प्रमाण मोजले तर आई समुद्रातून आली होती का हे समजते, कारण त्या भागाचे द्रव्य अंड्यातून येते. परंतु त्यासाठी मासा मारावा लागतो. मत्स्यबीज केंद्रातील वाणासाठी डीएनए उत्तम: पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला की पुरतो, आणि आयडाहोतील केंद्रांसारखे आईबापांचे डीएनए नोंदवून ठेवलेले असेल तर पिलू थेट त्या जोडीशी जोडता येते. त्रिगुणित मासा दिसण्यावरून ओळखता येत नाही. रक्तपेशींच्या केंद्रकांचा आकार किंवा त्यांतील डीएनएचे प्रमाण तपासावे लागते.

नोंद लिहिताना पुरावा ज्या पातळीवर थांबला त्या पातळीचे नाव द्यावे. खवल्यांत समुद्र दिसला, मेदपर कापलेला आहे, पण तक्ता नाही, तर लिहावे: केंद्रातील स्टीलहेड, वाण अनिश्चित, वय १.२. खवले घेतलेच नाहीत आणि मासा मोठा, चंदेरी होता, तर लिहावे: रेनबो ट्राउट, लांबी इतकी, मेदपर शाबूत. अशी नोंद दिसायला अपुरी वाटली तरी पुढच्या वर्षी तक्ता किंवा डीएनएचा निकाल हाती आल्यावर तीच पूर्ण करता येते, आणि अंदाजाने लिहिलेला वाण मात्र त्याच्या बाजूला पुरावा नसल्यामुळे खोडायचा की ठेवायचा हे कुणालाच ठरवता येत नाही.